नदीचं पाणी मारुतीच्या कमरेला, शहराचं कुठे?

गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं. ही मोजपट्टी पंचवटीतल्या पोरासोरांनाही कळते. पण ती नदी मोजते. शहर कुठे अडणार, हे तिच्यावरून कळत नाही.

सराफ बाजाराचंच घ्या. सरस्वती नाला या जुन्या वस्तीखालून वाहत गोदावरीला मिळतो. नदी खाली असेल तर शहरात पडलेला पाऊस नाल्यातून निघून जातो, फार तर थोडा वेळ तुंबतो. उघडीप असेल तर नदी भरून वाहत असली तरी नाल्यात फारसं पाणीच नसतं. पण गंगापूर धरणातून विसर्ग चालू असतानाच शहरात जोराची सर आली, तर नाल्याचं तोंड नदीच्या पाण्याखाली जातं. आतलं पाणी बाहेर पडत नाही आणि फुगवटा चेंबरमधून रस्त्यावर येतो. विसर्ग मध्यम, पाऊसही मध्यम, तरी दुकानात गुडघाभर पाणी. विसर्गाचा आकडा बघणारे वेगळे, गटारं बघणारे वेगळे, आणि दोघांच्याही कागदावर काळजीचं कारण नसतं. याला प्रणालीगत जोखीम म्हणतात: इथे धोका सुट्या भागांत नसून त्यांच्या जोडणीत असतो.

आकड्यांत बघू. वीज, पाणीपुरवठा आणि मोबाइल यांपैकी प्रत्येक गोष्ट अतिवृष्टीच्या दिवशी बंद पडण्याची शक्यता 10 त 1 आहे असं धरा. तिन्ही एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर एकदम बंद पडण्याची शक्यता 1000 त 1. पण पंप विजेवर चालतात आणि बॅटरी उतरली की टॉवरही थांबतो. गेलेली वीज लवकर आली नाही तर तीच शक्यता 10 त 1 कडे सरकते, म्हणजे जवळजवळ शंभरपट. शहराला गंगापूर आणि मुकणे अशा एकाहून जास्त धरणांचं पाणी आहे, हे चांगलंच आहे. मात्र या दोन्हीकडचं पाणी पंपानेच उचलावं लागतं.

21 एप्रिल 2021 ला नाशिकमधल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. नळीतला दाब पडला आणि त्या दिवशी 22 रुग्ण दगावले. खाटा वेगवेगळ्या होत्या, श्वास एकाच टाकीवर होता. आपत्तीच्या तयारीची यादी करताना हा प्रसंग डोळ्यांसमोरून हलू नये.

सोसायटी असो की दवाखाना, सगळ्यात जास्त वेळा फसतं ते तळघर. पाणी रॅम्पवरून येतं, भिंतीतल्या केबलच्या भोकातून झिरपतं, फरशीवरच्या जाळीतून उलटं चढतं. ते उपसायला पंप असतो, पण त्याचा स्टार्टर आणि मुख्य पॅनेलही तिथेच. पॅनेलला पाणी लागलं की वीज ट्रिप होते, पंप थांबतो आणि पाणी आणखी चढतं. वर ठेवलेला जनरेटर सुरू होतो खरा, पण त्याची वीज जाते त्याच बुडालेल्या पॅनेलमधून! म्हणून पॅनेल आणि चेंजओव्हर स्विच (बाहेरची वीज गेली की जनरेटरची जोडणारा) वरच्या मजल्यावर हलवा, केबलची भोकं बुजवा, गटाराच्या पाइपला पाणी उलटं येऊ न देणारी झडप बसवा.

पूररेषेबद्दलही मोठा गैरसमज आहे. निळी रेषा 25 वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. म्हणून ‘आता पंचवीस वर्षं निश्चिंत’ असं होत नाही. 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात निळ्या रेषेपर्यंत पाणी किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे 71 टक्के, लाल रेषेपर्यंत 26 टक्के.

महिन्यातून एकदा जनरेटर तपासतात तो बहुधा रिकामा, भार न टाकता. त्याऐवजी मेन स्विच खरोखर बंद करा, लिफ्ट आणि पाण्याचा पंप जनरेटरवर टाका आणि अर्धा तास चालवा. 125 केव्हीएचा जनरेटर पाऊण भारावर तासाला साधारण 20 लिटर डिझेल पितो. 200 लिटरची टाकी 10 तासांत संपते. पुढचं डिझेल कुठून येणार, हे आजच लिहून ठेवा. तो पेट्रोल पंप नदीपलीकडे असेल आणि वाटेतला पूल वाहतुकीला बंद झाला, तर अलीकडचा कुठला, आणि वीज नसताना त्याचं यंत्र कशावर चालतं, हेही विचारून या.