कुठला जीओएस उघडा ठेवायचा? वीज वितरणातल्या ठोकताळ्यांची पार्श्वभूमी

बेळगाव शहर आणि उद्यमबागेसारख्या औद्योगिक भागात ११ केव्हीच्या एका फीडरचे, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाईनचे, टोक दुसऱ्या फीडरच्या टोकापाशी येऊन थांबते. दोन्हींच्या मध्ये खांबावर जीओएस असतो. तिन्ही फेज एकदम तोडणारा-जोडणारा हा स्विच एरवी उघडा, म्हणजे तोडलेला, ठेवतात. तो उघडा असला की प्रत्येक टीसीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, एकाच बाजूने वीज मिळते. फॉल्टचा करंट एकाच दिशेने येत असल्यामुळे सबस्टेशनमधला फॉल्ट ओळखून लाईन तोडायला लावणारा रिले साधा असला तरी चालतो, आणि एलसी (लाईन क्लिअर, म्हणजे लाईन बंद करून कामाची परवानगी) घेऊन खांबावर चढलेल्या लाईनमनच्या अंगावर पलीकडच्या फीडरची वीज येत नाही. जाळे एकेरी, म्हणजे रेडियल चालवण्यामागे एवढी साधी कारणे आहेत, आणि ती आजही खरी आहेत.

जाळे एकेरीच ठेवायचे ठरले, तरी ते कुठे तोडायचे हा प्रश्न उरतोच. तारांच्या प्रत्येक वळशात (लूपमध्ये) एक स्विच उघडा हवा, पण तो कुठलाही असू शकतो. एका निवडीत गळती, म्हणजे तारा तापून वाया जाणारी वीज, कमी होते, दुसऱ्या निवडीत टोकाचा व्होल्टेज पडतो, तिसऱ्या निवडीत सबस्टेशनजवळची वायर तापते. स्विच वाढत जातात तशा या निवडी लाखांवर जातात. सगळ्या मोजून पाहणे जमत नव्हते म्हणून अभियंत्यांनी ठोकताळे बसवले, आणि अशाच ठोकताळ्यांचा विषय आज ह्युरिस्टिक ऑप्टिमायझेशन या नावाने शिकवला जातो.

त्याची एक जुनी मुळी विजेच्या तारांतच आहे. १९२६ साली ओताकार बोरूव्का या चेक गणितज्ञाने मोराव्हिया प्रांतातली गावे कमीत कमी लांबीच्या तारांनी कशी जोडावीत हे सोडवले. ‘किमान विस्तारवृक्ष’ या नावाने संगणकशास्त्रात शिकवला जाणारा प्रश्न तो हाच. मात्र त्यात तारेची लांबी ठरलेली असते. वितरणात प्रत्येक तारेवरची गळती बाकीचे स्विच कसे आहेत त्यावर बदलते, कारण गळती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे बोरूव्काची सोपी रीत इथे जशीच्या तशी चालत नाही.

कागद-पेन्सिलीच्या काळातला सर्वांत टिकाऊ ठोकताळा कपॅसिटरचा आहे. १९५६ साली नीगल आणि सॅमसन या अमेरिकी अभियंत्यांनी दाखवले की फीडरवर भार सारखा पसरलेला असेल, तर एकूण केव्हीएआरच्या (रिऍक्टिव्ह, म्हणजे काम न करता नुसत्या ये-जा करणाऱ्या विजेच्या मापाच्या) दोन-तृतीयांश क्षमतेचा कपॅसिटर सबस्टेशनपासून दोन-तृतीयांश अंतरावर बसवावा. रिऍक्टिव्ह करंटमुळे होणारी गळती त्याने आठ-नवमांश, म्हणजे सुमारे ८९ टक्के कमी होते. हा नियम अजूनही वापरतात, पण चिकोडी, रायबाग, अथणीच्या ऊसपट्ट्यात तो डोळे मिटून लावला की फसतो. तिथला भार सारखा पसरलेला नसतो. नदीकाठचे आणि विहिरी-बोअरचे पंप घोळक्याने असतात, आणि थ्री फेज ठरावीक तासच येतो. पंप चालू असताना पॉवर फॅक्टर (एकूण विजेतला कामाचा हिस्सा) ०.८च्या आसपास किंवा त्याखाली असतो, तेव्हा कपॅसिटर कामाचा. पंप थांबल्यावर तोच कपॅसिटर लाईनवर राहिला तर करंट उलट, लीडिंग होतो, व्होल्टेज चढतो आणि घरांतले बल्ब उडतात. त्यामुळे अशा फीडरवर कायम जोडलेली क्षमता पंप नसतानाच्या केव्हीएआरएवढीच ठेवावी आणि बाकीची स्विच होणारी घ्यावी.

योगायोगाने तेच १९५६ साल या भागासाठी दुसऱ्या कारणाने निर्णायक ठरले. १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. तोवर निपाणी आणि कागल एकाच राज्यात होती. खेड्यापाड्यांतली बरीचशी वीज त्यानंतरची आहे. म्हैसूर राज्याचे वीज मंडळ १९५७चे, ग्रामीण विद्युतीकरण निगम १९६९चे. १९९९ साली वीज मंडळ मोडून केपीटीसीएल ही सरकारी वीज कंपनी झाली आणि २००२ पासून बेळगावसह सात जिल्ह्यांचे वितरण हेस्कॉम या कंपनीकडे आले. त्यामुळे सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे जाळे वेगवेगळे वाढले. नकाशावर निपाणीकडच्या आणि कागलकडच्या तारा जवळ दिसल्या, तरी त्या जोडणे म्हणजे दोन राज्यांतला वीजव्यवहार. त्याला मीटरिंग, वेळापत्रक आणि मंजुरी लागते. संगणकाला नुसते अंतर दिले तर तो हमखास अशीच जोडणी सुचवेल. म्हणून सीमेवरच्या फीडरचा अभ्यास करताना आधी ही भिंत लिहून द्यावी लागते.

स्विच-निवडीच्या प्रश्नाला पहिला नीट आकार दिला तो फ्रान्सच्या मर्लिन आणि बॅक यांनी, १९७५ साली. त्यांची रीत उलटी होती. आधी सगळे स्विच जोडून टाका, म्हणजे जाळे पूर्ण वळशांचे होते. मग करंट मोजा, ज्या फांदीत तो सर्वांत कमी आहे ती उघडा, पुन्हा मोजा, पुन्हा उघडा, एकही वळसा न उरेपर्यंत. कमी करंटची फांदी तोडली की प्रवाहाची घडी कमीत कमी विस्कटते, हा त्यामागचा विचार. सुरुवातीच्या रूपात भार निव्वळ ऍक्टिव्ह धरला होता आणि व्होल्टेजच्या मर्यादा नीट तपासल्या जात नव्हत्या. १९८९ साली शिरमोहम्मदी आणि हाँग यांनी त्यात खरा एसी लोड फ्लो, म्हणजे जाळ्यातल्या प्रत्येक ठिकाणचा व्होल्टेज आणि करंट काढणारे गणित, घातला. तारांचा फक्त रोध धरून करंट वाटला तर गळती किमान होते, हे सूत्र त्यांनी प्रत्येक पायरीला वापरले.

दुसरी वाट १९८८ साली सिव्हनलार, ग्रेंजर, यिन आणि ली यांनी काढली. चालू जाळे आहे तसे ठेवायचे, एक उघडा स्विच जोडायचा आणि त्याच वळशातला दुसरा उघडायचा. प्रत्येक वेळी पूर्ण लोड फ्लो न करता गळतीतला फरक त्यांनी एका ओळीत बसवला. साध्या रूपात तो असा: हलवलेला करंट गुणिले उघड्या स्विचच्या दोन टोकांतला रोधामुळे पडणारा व्होल्टेज-फरक, त्याची दुप्पट, ही बचत. त्यातून वळशाचा एकूण रोध गुणिले हलवलेल्या करंटचा वर्ग वजा करायचा.

आकडे घालून पाहू. वळशात सुमारे ७ किलोमीटर रॅबिट कंडक्टर (लाईनच्या तारेचा एक प्रकार) आहे. किलोमीटरला ०.५५ ओहम धरून रोध साधारण ४ ओहम. उघड्या जीओएसच्या एका टोकाला दुसऱ्यापेक्षा फेजमागे २०० व्होल्ट कमी आहेत. कमी व्होल्टेजच्या बाजूचा ५० अँपिअर भार पलीकडे हलवला, तर २ × ५० × २०० म्हणजे २०,००० वॉट वाचले आणि ४ × ५० × ५० म्हणजे १०,००० वॉट गेले. फेजला निव्वळ १० किलोवॉट, तिन्ही फेज मिळून ३० किलोवॉट बचत. ५० हाच इथला उत्तम आकडा, कारण २०० भागिले ४ म्हणजे ५०. १०० अँपिअर हलवले तर बचत शून्य. १२० हलवले तर उलट फेजला ९.६ किलोवॉट गळती वाढते. भार जास्त व्होल्टेजच्या बाजूला हलवायचा, पण माफक, हे इथे उघड दिसते. अनुभवी सेक्शन ऑफिसर हे गणित न मांडताही जाणतो. सूत्राने त्याला मर्यादा कुठे संपते ते सांगितले.

त्याच सुमारास बारन आणि वू यांनी ३३ बसचे (जोडबिंदूंचे) एक चाचणी-जाळे मांडले. १२.६६ केव्ही, ३७१५ किलोवॉट भार, ३७ फांद्या, त्यांतल्या ५ उघड्या. मूळ गळती सुमारे २०३ किलोवॉट. ७, ९, १४, ३२ आणि ३७ क्रमांकाच्या फांद्या उघडल्या की ती सुमारे १४० किलोवॉटवर येते. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधात हेच आकडे आहेत, आणि बेळगावातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनाही प्रकल्प करताना ते भेटतात.

लोड फ्लोची अडचणही याच काळात सुटली. पारेषणाच्या तारेत रिऍक्टन्स (तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे होणारा अडथळा) रोधाच्या कितीतरी पट असतो. ११ केव्हीच्या रॅबिट किंवा त्याहून बारीक वीझल तारेत रोधच वरचढ असतो, म्हणून पारेषणासाठी बनवलेल्या जलद पद्धती इथे अडखळतात. त्यांच्या जागी साधी रीत आली. टोकाकडून सबस्टेशनकडे करंटची बेरीज करत यायचे, मग सबस्टेशनकडून टोकाकडे व्होल्टेज काढत जायचे, आणि आकडे स्थिरावेपर्यंत फेऱ्या मारायच्या. दास, नागी आणि कोठारी यांची १९९४ची पद्धत या घराण्यातली. व्होल्टेजसाठी तिला साधे बीजगणितच पुरते. हजारो निवडी तपासायच्या असतील तर ही काटकसर फार मोलाची.

या निवडी तपासायला तोवर निसर्गातून उचललेल्या पद्धती आल्या होत्या. कर्कपॅट्रिक आणि सहकाऱ्यांची सिम्युलेटेड ऍनीलिंग १९८३ची. १९९० साली चिआंग आणि जीन-जुमो यांनी ती फीडरला लावली. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतकाम सावकाश थंड करून त्यातला ताण काढतात, तसाच हा शोध सुरुवातीला वाईट बदलही स्वीकारतो आणि हळूहळू कडक होत जातो. म्हणून तो जवळच्या बऱ्या उत्तरापाशी अडकून पडत नाही. हॉलंडचा जेनेटिक अल्गोरिदम १९७५चा, फीडरसाठी तो नारा आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली वापरला. ग्लोव्हरचा टाबू सर्च १९८६, डोरिगोच्या मुंग्या १९९२, केनेडी आणि एबरहार्ट यांचा पार्टिकल स्वॉर्म १९९५. सुरतेच्या राव यांची शिक्षक-विद्यार्थी पद्धत २०११ची. पुढे लांडगे, वटवाघळे, कोकीळ असे बरेच आले.

या गर्दीत एक महत्त्वाची गोष्ट हरवली, ती म्हणजे उत्तर कसे लिहायचे. ३७ फांद्यांना ० किंवा १ दिले तर सुमारे १३,७४३ कोटी शक्यता होतात आणि बहुतेक निरर्थक. पाचच उघडायच्या म्हटले तर ४,३५,८९७ उरतात. त्यांतल्या खऱ्या एकेरी जाळ्याच्या फक्त ५०,७५१, म्हणजे साडेआठांत एक. बाकीच्यांत कुठेतरी वळसा राहतो आणि कुणीतरी अंधारात जाते. उत्तर प्रत्येक वळशातली एक फांदी असे लिहिले, किंवा सुरुवातीपासून स्विचची अदलाबदलच केली, तर शोध कितीतरी आटोपशीर होतो. अल्गोरिदमला कुठल्या प्राण्याचे नाव आहे यापेक्षा हा निर्णय जास्त फरक पाडतो. वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांनी १९९७ साली सिद्धच केले की सर्व प्रश्नांवर सरासरी काढली तर कुठलीही शोधपद्धत दुसरीपेक्षा सरस नसते. प्रश्नाची माहिती आत घातली तरच फायदा. शिवाय ५०,७५१ जाळी आजचा लॅपटॉप एकूण एक तपासू शकतो. त्यामुळे ३३ बसवर १४० किलोवॉट गाठले, एवढ्यावरून कुठल्याही पद्धतीचा मोठेपणा ठरवू नये.

प्रत्यक्ष फीडरवर हरवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. पहिली, स्विचची खरी स्थिती. जीओएसच्या पात्या जळाल्यावर पुरवठा लवकर सुरू व्हावा म्हणून वरून जंपर, म्हणजे तारेचा जोडतुकडा, मारतात आणि तो तसाच राहतो. हँडल खाली ओढलेले, त्याला कुलूप, नकाशात स्विच ‘उघडा’, पण वर तार सलग. अशा नकाशावर काढलेले उत्तर केवळ चुकीचे नसून धोक्याचे आहे. दुसरी, साधा जीओएस भारावर उघडायचा नसतो. आर्क ओढला जातो, म्हणून आधी फीडर बंद करावा लागतो. प्रत्येक बदल म्हणजे काही हजार ग्राहकांची वीज जाणे. दर तासाला जाळे बदलणारे निबंध इथे निरुपयोगी आहेत, हंगामागणिक बदल परवडतो. वरचे ३० किलोवॉट सात तासांच्या पंप-पुरवठ्यावर दिवसाला २१० युनिट होतात, तेही भार तेवढाच राहिला तर. तिसरी, फेज. ११० केव्हीवरून थेट ११ केव्हीला उतरवणारे सबस्टेशन आणि ३३ केव्हीमार्गे उतरवणारे सबस्टेशन यांच्या ट्रान्सफॉर्मरचा व्हेक्टर ग्रुप (आतल्या गुंडाळ्यांच्या जोडणीचा प्रकार) वेगळा असला तर दोन फीडरमध्ये ३० अंशांचे अंतर पडते. ते चालू स्थितीत कधीच जोडू नयेत. आधी उघडा, मग जोडा, आणि जोडल्यावर फेज-क्रम तपासा, नाहीतर पलीकडचे सगळे पंप उलटे फिरतील.

चौथी, असमतोल. निरंतर ज्योती योजनेत गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे केल्यामुळे अभ्यास सोपा झाला, कारण एका फीडरवर आता एका जातीचा भार आहे. पण जिथे थ्री फेजच्या वेळेबाहेर कंडेन्सर लावून पंप ओढतात, तिथे एका फेजवर भार लोटतो. तिन्ही फेज सारखे धरणारा लोड फ्लो अशा फीडरची गळती कमी दाखवतो.

खानापूरकडे तर हा प्रश्नच वेगळा. जंगलातून गेलेल्या लांब एकट्या फीडरला पलीकडे जोडायला काही नसते, म्हणजे वळसाच नाही. तिथे ठोकताळे वापरायचे ते कंडक्टर कुठल्या टप्प्यापर्यंत वीझलऐवजी रॅबिट करावा आणि पावसाळ्यात झाड पडले तर कमीत कमी गावे बंद व्हावीत म्हणून रिक्लोझर, म्हणजे फॉल्टवर तुटून आपोआप पुन्हा जोडून पाहणारा स्विच, कुठे बसवावा, यासाठी. याउलट शहरात वडगाव-शहापूरचे यंत्रमाग, संध्याकाळची बाजारपेठ आणि रात्रपाळीचे कारखाने यांच्या गरजेच्या वेळा वेगळ्या. त्यांची सांगड घालण्यात फेरजोडणीचा खरा वाव आहे.

२०१२ साली चित्र पुन्हा बदलले. टेलर आणि होव्हर यांनी, आणि स्वतंत्रपणे जबर, सिंग आणि पाल यांनी, हाच प्रश्न शंकूच्या आकाराच्या बंधनांत बसवून सॉल्व्हर या गणिती सॉफ्टवेअरकडून सोडवून घेतला. उत्तराबरोबर ते उत्तमापासून जास्तीत जास्त किती दूर आहे हेही आता कळते, जे ठोकताळा कधीच सांगत नाही. मध्यम आकाराच्या शहरी जाळ्याला हीच वाट धरावी. तरी सिव्हनलार यांची अदलाबदल टाकून देऊ नये. सॉल्व्हरला चांगले सुरुवातीचे उत्तर तिच्यातून मिळते, आणि सेक्शन ऑफिसमध्ये सबस्टेशनच्या लॉगबुकातले तासाचे अँपिअर, कंडक्टरची लांबी आणि कॅल्क्युलेटर एवढ्यावर ती चालते. लॉगबुकातला कमाल आकडा एकटा घेऊ नये. पंपाच्या तासांचा, संध्याकाळचा आणि पहाटेचा असे तीन भार घेऊन तिन्हींत टिकणारा स्विच निवडावा. निवड झाली की ११ केव्हीच्या टोकाचा व्होल्टेज उणे ९ ते अधिक ६ टक्क्यांत आणि टीसीच्या खालच्या बाजूचा उणे-अधिक ६ टक्क्यांत राहतो का ते पाहावे, रिलेचे सेटिंग लांबलेल्या फीडरच्या टोकाचा फॉल्ट पकडते का ते तपासावे, आणि मगच एलसी मागावी.