गद्दी कुत्रा

गद्दी कुत्रा : हिमाचल प्रदेशातील गद्दी मेंढपाळांचा पहाडी राखणदार कुत्रा. चंबा जिल्ह्यातील भरमौर आणि शेजारचा कांगडा जिल्हा हा त्याचा मुख्य मुलूख. ‘शीपडॉग’ म्हटले की मेंढ्या वळणारा चपळ कुत्रा डोळ्यांपुढे येतो. हा त्यातला नव्हे. मेंढ्या वळायचे काम माणूस शीळ घालून, हाकारून करतो. कुत्र्याकडे असते ती मुख्यतः राखण. सिन्नर-येवल्याच्या माळावरच्या धनगराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. त्याचाही कुत्रा दिवसा कळपाच्या कडेने पेंगत चालतो आणि रात्री वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या, बाहेर जागा असतो.

बांधा दणकट, डोके रुंद, कान लोंबते, शेपटी झुबकेदार आणि पाठीवर वळलेली. रंग बहुधा काळा, छातीवर किंवा पंजांवर पांढरा डाग. केस दुहेरी : वर लांब आणि राठ, आत लोकरीसारखी दाट लव. उन्हाळा लागला की ही लव पुंजक्या-पुंजक्यांनी गळते. मान विशेष जाड असते. बिबट्या झडप घालतो तो नरड्यावरच. म्हणून गळ्यात बाहेरच्या बाजूने टोके काढलेला लोखंडी पट्टा बांधतात. ‘इंडियन पँथर हाउंड’ हे इंग्रजी अमदानीतल्या थाटाचे नाव त्याला चिकटले आहे, पण तो शिकारी कुत्रा नाही.

पिल्ले मेंढ्या-बकऱ्यांतच वाढतात, त्यामुळे कळप त्यांना आपला वाटतो आणि परका माणूस संशयाचा. स्वभाव स्वतंत्र, सांगितलेले ऐकेलच असे नाही. रात्री एकट्याने निर्णय घेणाऱ्या कुत्र्याकडून दुसरी अपेक्षा तरी काय करावी?

हा कुत्रा तिबेटी मॅस्टिफच्या कुळातला मानतात. भोटिया हा हिमालयातला दुसरा राखणदार कुत्रा त्याचा जवळचा भाऊबंद. वंशावळीच्या वह्यांपेक्षा कामाने त्याला घडवले. गद्दी कळप हिवाळ्यात शिवालिकच्या पायथ्याशी उतरतात आणि उन्हाळ्यात धौलाधारच्या खिंडी ओलांडून लाहौलकडे चढतात. या वाटचालीत जो टिकला, त्याचीच पिल्ले पुढे राहिली. गावठी कुत्र्यांशी होणारा संकर ही आजची मोठी अडचण. जानेवारी 2025 मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने या जातीची अधिकृत नोंद केली. त्याआधी तमिळनाडूतले राजापालयम आणि चिप्पीपराई आणि आपल्या शेजारच्या कर्नाटकातला मुधोळ हाउंड या कुत्र्यांना हा मान मिळाला होता.

निफाडच्या उसात बिबट्या दिसला की ‘असले पहाडी कुत्रे इकडे आणावेत’ असे कोणी ना कोणी सुचवतेच. पण नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो, आणि ही लव बर्फासाठी आहे. शिवाय उघड्या कुरणावर लांबून चाहूल घेणाऱ्या कुत्र्याला, दहा पावलांवरच्या उसातून निघणारा बिबट्या वेळ देत नाही. इथल्या धनगराचा आखूड केसांचा, सडपातळ कुत्रा दुपारी बाभळीखाली जीभ काढून पडतो आणि उन्हे कलल्यावर पुन्हा कळपामागे लागतो.