हॉयल-नारळीकर गुरुत्वसिद्धांत: विश्व पसरतं की वस्तुमान वाढतं?

जून १९६४ मध्ये फ्रेड हॉयल आणि त्यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. कोल्हापूरला जन्मलेले नारळीकर तेव्हा पंचविशीत होते. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं. नाव घरोघरी पोचलं, सिद्धांत मात्र फारसा कुणी उलगडून पाहिला नाही.

त्याचं मूळ भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांच्या एका तक्रारीत आहे. जडत्व हा वस्तूचा अंगभूत गुण नसून दूरच्या ताऱ्यांशी असलेल्या संबंधातून येतो, असं माख यांचं म्हणणं. आइनस्टाइन यावर भाळले होते, पण त्यांच्या समीकरणांत रिकाम्या विश्वातल्या एकुलत्या कणालाही वस्तुमान असू शकतं. हॉयल-नारळीकरांनी हीच फट बुजवली. प्रत्येक कणाचं वस्तुमान म्हणजे बाकी सर्व कणांच्या योगदानांची बेरीज. दुसरा कणच नसेल तर वस्तुमान शून्य. कण पुष्कळ असले की ही समीकरणं आइनस्टाइनच्या समीकरणांच्या रूपात येतात, त्यामुळे बुधाच्या कक्षेचं किंवा सूर्याजवळ वळणाऱ्या किरणाचं उत्तर बदलत नाही. शिवाय गुरुत्व आकर्षकच का, हे इथे गृहीत धरावं लागत नाही. ते गणितातूनच निघतं.

अडचण काळाची होती. व्हीलर आणि फाइनमन यांनी १९४५ मध्ये दाखवलं होतं की विद्युतभारांच्या परस्परक्रियेत निम्मा भाग भूतकाळातून आणि निम्मा भविष्यातून येतो असं धरलं तरी चालतं. विश्वातला पदार्थ सगळी प्रारणं शोषून घेत असेल, तर भविष्याकडून येणारा भाग रद्द होतो. वस्तुमानाची बेरीजही याच धर्तीवर, निम्मी-निम्मी केलेली होती. स्टीफन हॉकिंग तेव्हा संशोधक विद्यार्थी होते. त्यांनी बोट ठेवलं ते इथेच: पसरत्या विश्वाच्या नेहमीच्या प्रतिमानांत भविष्याकडची बेरीज अनंत होते. विद्युतभार धन आणि ऋण असतात, वस्तुमान एकाच चिन्हाचं. त्यामुळे वजावट व्हायला वावच नाही. आक्षेप रास्त होता, आणि पुढच्या आवृत्त्यांना तो टाळून वाट काढावी लागली.

यापेक्षा वेगळी वाट प्रकाशाचा वेगच बदलता धरणाऱ्यांची. खुद्द आइनस्टाइननी १९११ मध्ये, प्रागला असताना, गुरुत्वात प्रकाश मंदावतो असं धरून सूर्याजवळचं वळण ०.८३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) काढलं होतं. ते तपासायला १९१४ च्या ग्रहणासाठी जर्मन पथक क्रिमियात गेलं, पण महायुद्ध सुरू झालं आणि मोजणी राहून गेली. १९१५ च्या पूर्ण सिद्धांतात उत्तर दुप्पट झालं. १९९९ मध्ये आल्ब्रेश्ट आणि मॅगेइजो यांनी आरंभीच्या विश्वात प्रकाश कैकपटींनी वेगवान होता असं सुचवलं. अशा दाव्यात एक ग्यानबाची मेख असते. १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावर बेतलेली आहे: सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. त्यामुळे मीटर आणि सेकंदात हा वेग बदललेला दिसणारच नाही. कुठलं एककविरहित गुणोत्तर बदललं, ते सांगावं लागतं.

नारळीकरांनी १९७७ मध्ये एककं निवडण्याच्या याच मोकळीकीचा उपयोग केला, पण वेग स्थिर ठेवून. अवकाश सपाट, न पसरणारं. कणांचं वस्तुमान मात्र काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. अणूने सोडलेल्या प्रकाशाची तरंगलांबी इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. आजच्या निम्म्या काळात वस्तुमान पाव होतं, म्हणून तेव्हा निघालेल्या प्रकाशाची तरंगलांबी चौपट. ताम्रसृती म्हणजे तरंगलांबी आजच्यापेक्षा किती पटींनी जास्त आहे तो आकडा, एरवी विश्व पसरत असल्याची खूण; इथे ती ३. अणुघड्याळाची टिकटिकही वस्तुमानावर चालते, त्यामुळे त्या घड्याळात तोवर आजच्या वयाचा फक्त आठवा भाग लोटलेला असतो. केवळ पदार्थाने भरलेल्या पसरत्या विश्वात ताम्रसृती ३ ला वय नेमकं हेच निघतं. दोन वर्णनं, आकडे तेच. महास्फोटाचा क्षण इथे ‘वस्तुमान शून्य’ म्हणून दिसतो, इतकंच.

मग खरा फरक कुठे पडायचा? एक जागा म्हणजे गुरुत्वस्थिरांक. तो काळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो असं डिरॅक यांनी १९३७ मध्ये सुचवलं होतं, आणि हॉयल-नारळीकरांच्या १९७० च्या दशकातल्या आवृत्त्यांतही घटता स्थिरांक आला. डिरॅकच्या हिशेबाने घट वर्षाला साधारण एक हजार कोटींत एक भाग असायला हवी. १९६९ मध्ये अपोलो ११ ने चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकावर लेसर मारून अंतर मोजता येऊ लागलं. भरतीओहोटीमुळे चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातो, तो वाटा आधी वेगळा काढावा लागतो; उरलेल्यात अशी घट सापडली नाही. मंगळावरच्या व्हायकिंग यानांच्या मोजणीनेही १९८३ मध्ये मर्यादा आणखी आवळली होती.

दुसरी जागा अधिक धाडसी. नवा पदार्थ शून्य वस्तुमानाने जन्मत असेल, तर कोवळ्या पदार्थाची ताम्रसृती जास्त, मग तो जवळ का असेना. खगोलशास्त्रज्ञ हॅल्टन आर्प बरीच वर्षं आकाशात एकमेकांजवळ दिसणाऱ्या, पण ताम्रसृती वेगळी असलेल्या जोड्या दाखवत होते. १९९३ मध्ये नारळीकर आणि आर्प यांनी हे एकत्र मांडलं. आर्प यांचं आवडतं उदाहरण कालेय तारकासमूहातलं: एनजीसी ४३१९ ही दीर्घिका, ताम्रसृती ०.००५, आणि तिला खेटून दिसणारा मार्केरियन २०५ हा क्वासारसारखा तेजस्वी स्रोत, ताम्रसृती ०.०७. १९९२ मध्ये हबल दुर्बिणीने मार्केरियनच्या वर्णपटात त्या दीर्घिकेतल्या वायूच्या शोषणरेषा टिपल्या. म्हणजे त्याचा प्रकाश दीर्घिकेच्या आरपार येतो. तो तिच्या मागे आहे.