सुपरचार्जर आणि टर्बो: पिकअप ट्रकवर पैसे घालण्याआधी

अमेरिकेत पेट्रोलवर चालणारा मोठा पिकअप ट्रक घेतलेल्या आपल्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो: ट्रक दमदार आहे, पण आणखी जोर हवाय, तर सुपरचार्जर बसवून घेऊ का? आणि लगेच पुढचं वाक्य: 'म्हणजे टर्बोच ना तो?'

टर्बो नव्हे. दोघांचं काम एकच, इंजिनात जास्त हवा कोंबणं. पण हवा कोंबायला लागणारी ताकद दोघं वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतात, आणि ट्रकच्या बाबतीत पैसे वसूल होणार की नाही हे बरंचसं तिथेच ठरतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. नवा ट्रक घ्यायचा असेल आणि त्याने ओझं ओढायचं असेल, तर कंपनीनेच टर्बो लावलेलं इंजिन घ्या. दारात आधीच धडधाकट व्ही-एट (आठ सिलिंडरचं इंजिन) उभं असेल आणि मोकळ्या ट्रकला जास्त जोर हवा असेल, तर सुपरचार्जरचा विचार जरूर करा. पण ट्रेलर जड जातो म्हणून सुपरचार्जर बसवायचा, हा खर्च मला पटत नाही.

पेट्रोल इंजिनाची ताकद पेट्रोलपाशी नाही, हवेपाशी अडते. एक किलो पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते. पेट्रोल हवं तेवढं फवारता येतं. हवा मात्र पिस्टन खाली जाताना जेवढी आत येईल तेवढीच. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय (दर चौरस इंचावर तेवढे पौंड) असतो. त्यावर आणखी ७ पीएसआय चढवले तर त्याच सिलिंडरमध्ये कागदावर जवळजवळ दीडपट हवा मावते. ताकद प्रत्यक्षात दीडपट होत नाही. ती मधल्या मधे कुठे जाते, तेच या दोन यंत्रांमधलं खरं अंतर आहे.

सुपरचार्जर बेल्टने फिरतो. इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, पुलीवरून बेल्ट जातो, तो आतले दोन रोटर फिरवतो आणि रोटर हवा पुढे ढकलतात. इंजिन फिरलं की तोही फिरतो, त्याच प्रमाणात आणि त्याच क्षणी. म्हणून पेडल दाबल्याबरोबर धक्का जाणवतो, वाट बघावी लागत नाही. या यंत्राचं मूळ गाड्यांमध्ये नाहीच. इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० साली पेटंट घेतलं ते हवा फेकणाऱ्या ब्लोअरचं. लोहाराच्या भात्याचंच हे मोठं, फिरतं रूप, आणि ते भट्ट्यांमध्ये वारा घालायला वापरलं गेलं. पुढे जनरल मोटर्सच्या ६-७१ या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनावर असा ब्लोअर आला. तिथे त्याचं काम ताकद वाढवण्याचं नव्हतं, सिलिंडरमधला धूर बाहेर काढून ताजी हवा भरण्याचं होतं. ट्रक-बसच्या या इंजिनांवरून काढलेले ब्लोअर हौशी पोरांनी शर्यतीच्या गाड्यांवर चढवले आणि बॉनेटमधून वर डोकावणारा सुपरचार्जर अमेरिकन रस्त्यांवर प्रसिद्ध झाला.

टर्बोला बेल्ट नसतो. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एका टर्बाइनवरून जातो, ती फिरते, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेलं चक्र ताजी हवा दाबून आत पाठवतं. हे पेटंट स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांचं, १९०५ सालचं. पेट्रोलमधल्या उष्णतेचा मोठा भाग एरवी धुराबरोबर वाया जातो. टर्बो त्यातलंच थोडं परत कामाला लावतो. फुकट मात्र तेही नाही, कारण धुराच्या वाटेत अडथळा येतो आणि पिस्टनला तो धूर थोडा जोर लावून बाहेर काढावा लागतो. तरी इंजिनावरचा भार सुपरचार्जरपेक्षा कमीच.

हा भार किती असतो? डॉज हेलकॅटच्या ६.२ लिटर इंजिनावरचा सुपरचार्जर पूर्ण वेगाला स्वतः फिरण्यासाठीच इंजिनाकडून सुमारे ८० हॉर्सपॉवर खातो. म्हणजे एका साध्या छोट्या कारचं अख्खं इंजिन निव्वळ वारा घालण्यात खर्ची पडतं. सातशेच्या वर हॉर्सपॉवर देणाऱ्या गाडीला हे परवडतं. पण ही किंमत पेडल दाबलंत की दर वेळी मोजावी लागते, आणि ट्रेलर मागे लावून घाट चढताना पेडल सतत दाबलेलंच असतं.

आता ट्रककडे येऊ. २०११ च्या फोर्ड एफ-१५० मध्ये दोन इंजिनं शेजारी शेजारी मिळत होती. एक ५ लिटरचं साधं व्ही-एट: ३६० हॉर्सपॉवर, ३८० पाउंड-फूट टॉर्क (फिरवायचा जोर), तोही ४,२५० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला तेवढे फेरे झाल्यावर). दुसरं ३.५ लिटरचं, दोन टर्बो लावलेलं व्ही-सिक्स इकोबूस्ट: ३६५ हॉर्सपॉवर, पण ४२० पाउंड-फूट टॉर्क अवघ्या २,५०० आरपीएमला. हॉर्सपॉवरचे आकडे सारखेच, पण ओझं ओढणाऱ्याला फरक कळतो तो आरपीएममध्ये. अडीच हजारांवर पूर्ण जोर मिळाला की गिअरबॉक्सला सारखं खाली उतरावं लागत नाही, इंजिन किंचाळत नाही. जुन्या टर्बोंचा रेंगाळण्याचा दोष छोट्या, हलक्या टर्बाइनमुळे इतका कमी झालाय की ट्रेलर ओढताना तो जाणवतच नाही. एक मात्र मान्य करतो: ओझं असताना टर्बो इंजिनही पेट्रोल सढळ हाताने पितं.

उंचीवर तर दोघांची सरळ फारकत होते. कोलोराडोत आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, आणि पश्चिमेकडून त्याकडे जाणारा चढ सात टक्क्यांपर्यंतचा. तिथे हवेचा दाब १० पीएसआयच्याही खाली जातो. सुपरचार्जर हवेला ठरावीक पटीनेच दाबतो, कारण पुली बदलल्याशिवाय त्याचा वेग इंजिनाशी बांधलेला असतो. त्यामुळे समुद्रसपाटीला ७ पीएसआय जास्तीचे देणारा सुपरचार्जर तिथे इंजिनाला १४ पीएसआयच्या आसपास एकूण दाब पोचवतो, म्हणजे खाली किनाऱ्यावर साध्या इंजिनाला फुकट मिळतो तेवढाच. टर्बोचं तसं नाही. जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी त्याची वेस्टगेट झडप बंद राहते, टर्बाइन जास्त वेगाने फिरते, आणि वेगाची मर्यादा गाठेपर्यंत ठरलेला दाब टिकवला जातो. डेन्व्हरच्या आसपास राहून दर शनिवार-रविवारी कॅम्पर घेऊन डोंगरात जाणाऱ्याने हा एक मुद्दा बाकी सगळ्यांच्या आधी धरावा.

उष्णतेचा प्रश्न दोघांनाही आहे, पण बाहेरून बसवलेल्या सुपरचार्जरमध्ये तो जास्त छळतो. हवा दाबली की तापते. बाहेर ३० अंश असताना ७ पीएसआय चढवले तर अगदी आदर्श यंत्रातूनही हवा ६५ अंशांच्या पुढे बाहेर पडेल, आणि प्रत्यक्षातली यंत्रं तिला नव्वदीपर्यंत नेतात. गरम हवा विरळ, शिवाय नॉकिंगला आमंत्रण देणारी: ठिणगीची ज्वाला पोचायच्या आधीच भलत्या ठिकाणी पेट्रोल आपोआप पेटतं आणि पिस्टनवर हातोडा बसतो. म्हणून ब्लोअरच्या पोटात पाण्याने थंड होणारा इंटरकूलर असतो. सपाट रस्त्यावर दहा सेकंद पेडल दाबलंत तर तो सहज पुरतो. मागे ट्रेलर आणि पुढे आठ मैलांचा चढ असला की ते पाणीच तापतं. मग इंजिनाचा कॉम्प्युटर नॉकिंग टाळण्यासाठी ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि विकत घेतलेली ताकद नेमक्या गरजेच्या वेळी गळून जाते.

कारखान्यातून सुपरचार्जरसह निघणारं इंजिन यासाठी वेगळं घडवलेलं असतं. १९९९ ते २००४ च्या फोर्ड लाइटनिंग पिकअपचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन वर येताना हवा किती पट दाबली जाते तो आकडा, ८.४ होता; तो कमी तेवढी नॉकिंगची भीती कमी. रॅम कंपनीच्या टीआरएक्स पिकअपचा ९.५ आणि आत फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन. याउलट २०१८ पासूनच्या एफ-१५० मधलं साधं ५ लिटर व्ही-एट १२ च्या रेशोचं आहे. त्यावर सुपरचार्जर बसतच नाही असं नाही. फोर्डच्याच परफॉर्मन्स विभागाने व्हिपल कंपनीचा सुपरचार्जर घेऊन ७०० हॉर्सपॉवरचा संच विकला आहे. पण तिथे चूक पोटात घालायला जागा फार थोडी. पेट्रोल ९१ ऑक्टेनचंच हवं (अमेरिकेचं ९१ म्हणजे भारतातल्या मोजणीने पंच्याण्णवच्या जवळपास), आणि ट्यूनिंग करणारा माणूस जाणकार हवा.

संच म्हणजे नेमकं काय येतं तेही बघा. व्ही-एटच्या दोन रांगांच्या खोबणीत बसलेलं प्लास्टिकचं मॅनिफोल्ड काढून तिथे अॅल्युमिनियमचा जड ब्लोअर बसतो. रेडिएटरसमोर आणखी एक छोटा रेडिएटर, त्याचा पंप, त्याच्या नळ्या. मोठे इंजेक्टर, थंड प्रकारचे स्पार्क प्लग, लांब बेल्ट आणि जास्तीच्या पुल्या. बेल्ट पुलीला पुरेसा वेढा देत नसेल तर तो घसरतो. बॉनेट उघडल्यावर पुलीभोवती काळी भुकटी दिसली की समजावं. शेवटी कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्रॅम. सगळं मिळून आठ ते बारा हजार डॉलर सहज जातात, मजुरी वेगळी.

आता ज्यांना सुपरचार्जर ट्रेलरसाठी हवाय, त्यांनी रॅमकडे बघावं. २०२१ चा टीआरएक्स: सुपरचार्जर लावलेलं ६.२ लिटर इंजिन, ७०२ हॉर्सपॉवर. ओढायची मर्यादा ८,१०० पौंड, म्हणजे जेमतेम ३.७ टन. त्याच रॅमचा ३९५ हॉर्सपॉवरचा साधा हेमी व्ही-एट योग्य घडणीत १२,७५० पौंड ओढतो, साधारण ५.८ टन. जवळजवळ अर्ध्या ताकदीचा ट्रक दीडपट ओझं ओढतो! कारण ओढायची मर्यादा एकट्या इंजिनावर ठरत नाही. चेसिस, स्प्रिंगा, ब्रेक, अॅक्सल, टायर, थंड ठेवायची व्यवस्था, सगळं त्यात येतं. टीआरएक्सच्या स्प्रिंगा वाळवंटात उड्या मारण्यासाठी मऊ ठेवलेल्या आहेत. तुम्ही तुमच्या ट्रकला सुपरचार्जर बसवलात तरी दाराच्या चौकटीवरच्या वजनमर्यादेच्या स्टिकरमधला एकही आकडा बदलत नाही. चढ लवकर चढाल, पण उतारावर ब्रेक तेच आणि मागचं वजन तेच. मला काळजी वाटते ती याचीच.

ट्रक मंदावल्याचं कारण बरेचदा वेगळंच असतं. दिसायला छान म्हणून ३१ इंचांच्या जागी ३५ इंचांचे टायर घातले जातात. चाक मोठं झालं की गिअरिंग आपोआप पातळ होतं: ३.५५ चा अॅक्सल रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे अॅक्सलकडे येणाऱ्या दांड्याचे फेरे) ३.१४ असल्यासारखा वागतो, जोर दहा-बारा टक्के गेला. मग मालकाला वाटतं इंजिन कमी पडतंय. अॅक्सलमधले गिअर बदलून घेतले तर गेलेला जोर परत मिळतो, सुपरचार्जरच्या काही अंश पैशांत, आणि इंजिनाला हातही लागत नाही. मी तर आधी हेच सुचवतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. कॅलिफोर्नियात त्या संचाला कार्ब या हवा-प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा मंजुरी क्रमांक नसेल तर स्मॉग तपासणीत ट्रक अडकेल. वॉरंटीबाबत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा तुमच्या बाजूने आहे: बाहेरचा भाग लावला एवढ्यावरून कंपनीला सगळी वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाड त्या भागामुळेच झाला हे दाखवावं लागतं. मात्र सुपरचार्जर लावलेल्या इंजिनाचा पिस्टन वितळला तर ते दाखवणं त्यांना अवघड नाही.

आणि महाराष्ट्रात? इथे हा प्रश्न फारसा उभाच राहत नाही. बोलेरो पिकअप, इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स ही सगळी टर्बो डिझेल. हायलक्सचं २.८ लिटर इंजिन ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. त्यावर आणखी सुपरचार्जरला काही अर्थ नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला तोच मुद्दा काढेल.

मग सुपरचार्जर कोणाला शोभतो? ५.७ लिटरचा जुना टोयोटा टुंड्रा हे मला सर्वांत चांगलं उदाहरण वाटतं. टोयोटाच्याच टीआरडी विभागाचा सुपरचार्जर त्याला डीलरकडून बसवून मिळायचा, आणि ३८१ हॉर्सपॉवरचे ५०४ व्हायचे. साधं, मजबूत इंजिन, कंपनीने तपासलेला संच, मालक ओझ्यासाठी नव्हे तर चालवण्याच्या आनंदासाठी पैसे घालणारा. अशा ट्रकला टर्बो बाहेरून बसवायचा म्हटलं तर एक्झॉस्टचे पाइप नव्याने वळवा, टर्बोला तेलाची लाइन द्या, तापलेल्या धातूपासून वायरिंग वाचवा, इतका उपद्व्याप असतो. बाहेरून बसवायचं असेल तर सुपरचार्जरच सोपा, यात शंका नाही.

तुम्ही याच गटात बसत असाल, तर ऑर्डर देण्याआधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडर किती दाब तयार करतो आणि किती गळू देतो याची तपासणी) करून घ्या. आठांपैकी एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा कमी दाब धरत असेल, तर सुपरचार्जरसाठी बाजूला ठेवलेले पैसे आधी इंजिनावर लागणार आहेत.