नाथ पै विधेयक: कायदा न झालेल्या घटनादुरुस्तीची पार्श्वभूमी

घटनेच्या अभ्यासकांच्या बोलण्यात 'नाथ पै बिल' हा शब्द आजही येतो. संसदेला मूलभूत हक्कांसह घटनेची कोणतीही तरतूद बदलता येते, असे घटनेतच लिहावे, असे सांगणारे हे १९६७ चे विधेयक. गंमत अशी की ते कधी कायदा झालेच नाही. ते मांडणारे बॅरिस्टर नाथ पै ना मंत्री होते, ना सत्ताधारी पक्षाचे. वेंगुर्ल्यात जन्मलेले आणि १९५७ पासून राजापूर मतदारसंघातून लोकसभेत जाणारे ते प्रजा समाजवादी पक्षाचे खासदार. १९६० च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपाचे नेते आणि सभागृह स्तब्ध करणारे वक्ते म्हणून त्यांची आठवण निघते. त्यांच्या संसदीय कामगिरीतले सर्वांत वजनदार काम मात्र मला हे अपुरे राहिलेले विधेयकच वाटते, आणि ते समजून घ्यायचे तर पंधरा-सोळा वर्षे मागे जावे लागते.

राज्यघटना लागू होऊन दीड वर्षही झाले नव्हते, तेव्हा १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. जमीनदारी निर्मूलनाचे कायदे मालमत्तेच्या मूलभूत हक्काच्या आधारे न्यायालयात अडकत होते. त्यावर तोडगा म्हणून घटनेला नववे परिशिष्ट जोडले गेले. या यादीत गेलेला कायदा मूलभूत हक्कांशी विसंगत आहे म्हणून रद्द करता येणार नव्हता. सुरुवातीला तिथे १३ कायदे होते. त्यांत मुंबई राज्याचा कूळकायदा होता आणि खोती, म्हणजे कोकणातली सारावसुलीची वंशपरंपरागत वतनदारी, नष्ट करणारा कायदाही होता. दिल्लीत ज्याला घटनात्मक पेच म्हणत, तो कोकणात खोताच्या दारातला रोजचा प्रश्न होता. खोतीविरुद्धचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात १९३७ मध्येच आणले होते. म्हणजे ज्या भागातून नाथ पै निवडून येत, तिथल्या माणसाला नवव्या परिशिष्टाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पहिल्या दुरुस्तीला लगेच आव्हान मिळाले. घटनेच्या कलम १३ नुसार मूलभूत हक्क हिरावणारा 'कायदा' राज्यसंस्थेला करता येत नाही. मग घटनादुरुस्ती हाही कायदाच नाही का? शंकरी प्रसाद खटल्यात १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने उत्तर दिले: नाही. नेहमीचा कायदा वेगळा आणि कलम ३६८ खाली होणारी घटनादुरुस्ती वेगळी. पुढची तेरा वर्षे हा विषय शांत होता.

१९६४ मध्ये सतराव्या दुरुस्तीने नवव्या परिशिष्टात आणखी ४४ कायद्यांची भर घातली आणि सज्जन सिंग खटला उभा राहिला. निकाल पुन्हा संसदेच्या बाजूने लागला, पण या वेळी पाचांपैकी दोन न्यायमूर्तींनी शंका नोंदवून ठेवल्या. एक हिदायतुल्ला, दुसरे जनार्दन रघुनाथ मुधोळकर. घटनेची काही पायाभूत वैशिष्ट्ये असतात का, आणि त्यांत बदल करणे ही दुरुस्ती म्हणायची की घटनेचा तो भाग नव्यानेच लिहिणे, असा मुधोळकरांचा प्रश्न होता. त्यांनी त्याचे उत्तर दिले नाही, नुसता प्रश्न टाकला. पुढच्या सगळ्या वादाचे बी त्या एका प्रश्नात होते, हे तेव्हा किती जणांच्या लक्षात आले असेल?

मग आला गोलकनाथ निकाल, तारीख २७ फेब्रुवारी १९६७. पंजाबातल्या एका कुटुंबाच्या जमिनीचा हा खटला अकरा न्यायमूर्तींपुढे गेला आणि सहा विरुद्ध पाच असा निकाल लागला. सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्या बहुमताने सांगितले की घटनादुरुस्ती हाही कलम १३ मधला 'कायदा'च आहे, म्हणून इथून पुढे संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही. आधीच्या दुरुस्त्या मात्र चालू राहतील. झाले ते झाले, यापुढे नाही, असा तो न्याय होता. खोती नष्ट करणारा कायदा आणि कूळकायदा वाचले, पण तसाच आणखी कायदा करून त्याला तसेच संरक्षण देण्याची वाट बंद झाली.

याच सुमारास चौथ्या लोकसभेची निवडणूक नुकतीच आटोपली होती. काँग्रेस ५२० पैकी २८३ जागांवर घसरली होती आणि अनेक राज्ये तिच्या हातून गेली होती. घटनादुरुस्तीला उपस्थित सदस्यांचे दोन तृतीयांश मत लागते, शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमतही. इंदिरा गांधींच्या सरकारकडे हे बळ स्वतःचे असे नव्हते. स्वतः दुरुस्ती आणून तोंडघशी पडण्याचा धोका पत्करायची घाई सरकारला नव्हती.

ती उडी विरोधी बाकावरून पडली. एप्रिल १९६७ मध्ये, निकालाला दीड महिनाही झाला नसताना, नाथ पै यांनी अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचे, विधेयक मांडले. त्याचा गाभा अगदी थोडक्यात होता: कलम ३६८ मध्येच स्पष्ट लिहावे की त्या कलमातल्या पद्धतीने घटनेच्या कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करता येईल. अशासकीय विधेयकांना शुक्रवारी दुपारचे अडीच तास मिळतात. सभागृह निम्मे रिकामे असते, खासदारांचे लक्ष गाडी-विमानाच्या वेळेकडे असते. त्या वेळात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या निकालाला उत्तर द्यायला उभे राहायचे म्हणजे छाती लागते.

त्याच एप्रिलमध्ये सुब्बा राव यांनी सरन्यायाधीशपद सोडले आणि ते विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उतरले. झाकीर हुसेन यांच्याकडून ते हरले. पण बाजूंची सरमिसळ पाहा. निकाल देणारे न्यायाधीश विरोधकांचे उमेदवार, आणि निकाल फिरवण्याचे विधेयक आणणारा खासदारही विरोधकच. ही लढाई सत्ताधारी विरुद्ध विरोधक अशी नव्हतीच.

नाथ पै यांची भूमिका लोकांच्या सार्वभौमत्वाची होती. लोकांनी निवडलेल्या संसदेला घटना बदलता येणार नसेल, तर मोठ्या सामाजिक बदलाला लोकशाहीत मार्गच उरत नाही, आणि मार्ग बंद झाला की लोक दुसरे मार्ग शोधतात. विरोधही तितकाच गंभीर होता. 'स्वतंत्र' या नावाच्या उजव्या पक्षाला यात मालमत्तेच्या आणि व्यक्तीच्या हक्कावरचे संकट दिसत होते. समाजवादी गोटातही एकमत नव्हते. आज बहुमतात असलेल्यांवर विश्वास ठेवून उद्याच्या बहुमतासाठी दार उघडे टाकायचे का, हा त्यांचा सवाल हलका नव्हता. वकिलांच्या जगातही दोन तट होते. महाराष्ट्राचे महाधिवक्ता एच. एम. सीरवाई यांनी गोलकनाथ निकालावर कठोर टीका केली, तर नानी पालखीवाला मूलभूत हक्कांच्या बाजूने उभे होते.

विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, सभागृहात चर्चा झाली, पण ते मंजुरीपर्यंत पोहोचले नाही. दरम्यान दिल्लीतले वातावरण तापत गेले. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली आणि बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. फेब्रुवारी १९७० मध्ये तो राष्ट्रीयीकरणाचा कायदा न्यायालयाने रद्द ठरवला. संस्थानिकांचे तनखे बंद करणारे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत थोडक्यात पडले. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने काढलेला मार्गही डिसेंबरमध्ये न्यायालयाने बंद केला. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर नाथ पै विधेयकही गेले.

नाथ पै त्यानंतर जेमतेम तीन आठवडे जगले. १७ जानेवारी १९७१ ला बेळगावात सीमा आंदोलनातल्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी ते बोलले आणि १८ जानेवारीला हृदयविकाराने गेले. वय अवघे ४८. राजापूरची जागा पुढे प्रा. मधु दंडवते यांनी लढवली आणि जिंकली.

त्या निवडणुकीत इंदिरा गांधींना प्रचंड बहुमत मिळाले आणि चार वर्षे रेंगाळलेले काम काही महिन्यांत उरकले. चोविसावी घटनादुरुस्ती ऑगस्ट १९७१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केली, ५ नोव्हेंबरला ती लागू झाली. मांडणारे कायदामंत्री हरि रामचंद्र गोखले. कलम ३६८ खाली कोणतीही तरतूद बदलता येईल, आणि कलम १३ अशा दुरुस्तीला लागू नाही, असे आता घटनेतच लिहिले गेले. राष्ट्रपतींना संमती देणे बंधनकारक करणारी भर वगळली, तर कणा नाथ पै यांच्या विधेयकाचाच होता. सरकारी विधेयकावर मांडणाऱ्या मंत्र्याचे नाव असते; आधी शुक्रवारच्या दुपारी वाट पाडणाऱ्याचे नसते.

२४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. गोलकनाथ निकाल मोडीत निघाला आणि चोविसावी दुरुस्ती वैध ठरली, म्हणजे नाथ पै जिंकले. पण त्याच निकालाने घटनेची पायाभूत चौकट मोडता येणार नाही असेही सांगितले, म्हणजे मुधोळकरांच्या प्रश्नाला नऊ वर्षांनी उत्तर मिळाले. अल्पमतातल्या सहा न्यायमूर्तींत यशवंत विष्णु चंद्रचूड होते. दुरुस्तीच्या अधिकाराला अशी मर्यादा नाही, हे त्यांचे तेव्हाचे मत नाथ पै यांच्या भूमिकेच्या सर्वांत जवळचे.

नंतर आणीबाणी आली. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात असताना १९७६ मध्ये बेचाळिसावी दुरुस्ती झाली. तिने कलम ३६८ ला आणखी दोन उपकलमे जोडली: कोणतीही घटनादुरुस्ती कोणत्याही कारणासाठी न्यायालयात तपासता येणार नाही, आणि संसदेच्या या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही. लोकांच्या सार्वभौमत्वासाठी नाथ पै यांनी मागितलेला अधिकार इथे लोकांना गप्प बसवून वापरला गेला. त्यांनी यावर काय म्हटले असते याचे तर्क त्यांचे चाहते आजही लढवतात. मी लढवणार नाही.

ती दोन्ही उपकलमे १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात रद्द झाली. बहुमताचा निकाल लिहिला होता तेव्हाच्या सरन्यायाधीशांनी, यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी.