मुलाची चूक ओळखणं आणि उद्याचा तास आखणं

दुसरीच्या वर्गात फळ्यावर गणित आहे: ५२ वजा ३८. एका मुलीचं उत्तर आलं २६, शेजारच्या मुलाचं २४. मुलीनं एककाच्या घरात मोठ्यातून लहान अंक घालवला, आठातून दोन गेले सहा. मुलानं दशक मोडलं, बारातून आठ नीट वजा केले, फक्त पाचाचे चार करायचे राहिले. त्याला दशक मोडणं कळलंय. तिला अजून नाही.

हे ज्या भावी शिक्षिकेला वह्या बघताच दिसतं, तिच्याकडे अध्यापनाचं ज्ञान आहे. १४ हे उत्तर काढता येणं ही निराळी गोष्ट. ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ साली हा फरक ठळकपणे मांडला. आपल्याकडे डी.एड. केलेल्यांना ‘आशययुक्त अध्यापन’, म्हणजे विषयाचा आशय आणि तो शिकवण्याची पद्धत यांची सांगड, हा शब्द ओळखीचा असतो.

पाठनियोजन मात्र याच्या पुढचं आहे, आणि दोन्हींची सर्रास गल्लत होते. सीटेटच्या, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पहिल्या पेपरात गणिताचे ३० प्रश्न असतात, त्यांतले १५ अध्यापनाविषयी. २६ हे उत्तर का आलं असेल, याचा बरोबर पर्याय तिथे निवडता येतो, कारण चारही पर्याय समोर छापलेले असतात. टाचणाचा, म्हणजे पाठाच्या लेखी आखणीचा, कागद कोरा असतो.

टाचण तपासताना आपण फार वेळा रकाने मोजतो: उद्दिष्टं आहेत, साहित्य आहे, फलकलेखन आहे, सही. मला त्यातल्या संख्या बघाव्याशा वाटतात. परळच्या एका शाळेत मी पाहिलेल्या सराव पाठात तीन उदाहरणं होती: ४७ वजा २३, ६८ वजा ३५, ५२ वजा ३८. पहिल्या दोन्हींत दशक मोडावंच लागत नाही. वर्ग छान चालला, आणि खरा पाठ सुरू झाला तेव्हा तास संपायला पाच मिनिटं उरली होती. टाचण देखणं होतं, पण आखणी चुकली होती.

दुसऱ्या एका छात्राध्यापिकेनं सुरुवातच दादरच्या भाजीबाजारातून केली. हातात दहाच्या पाच नोटा, रुपयाची दोन नाणी; द्यायचेत ३८, आणि भाजीवाल्याकडे सुट्टे नाहीत. नोट मोडून आणल्याशिवाय व्यवहार होईना. मुलांनी स्वतःच नोट मोडली. हे नियोजन! पण एका मुलानं २४ लिहिल्यावर तिनं ते खोडून १४ लिहून दिलं. म्हणजे उलटही घडतं: आखणी जमते, चूक ओळखणं राहतं.

म्हणून हल्ली सराव पाठाआधी मी छात्राध्यापिकेसमोर २६ आणि २४ लिहिलेल्या दोन वह्या ठेवते आणि कारण विचारते. मग तिचंच टाचण पुढे सरकवते: “आता यात काय बदलशील?” पहिलं उत्तर बहुतेक जणी पटकन देतात. दुसऱ्याला पेन थांबतं, आणि तिथे मी बसून राहते, घाई करत नाही.