रॅम गायब झाली नाही, राखून ठेवलीये

गेल्या काही महिन्यात आम्ही ज्यांच्या ज्यांच्या डेटाबेस सर्व्हरवर ह्यूज पेजेस (रॅमची मोठी पानं) चालू केली त्यातल्या बहुतेकांचा दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, की अहो रात्री तुम्ही काहीतरी केलंत आणि आता ६४ जीबीतली १६-१७ जीबी रॅम आधीच भरलेली दिसतेय, डेटाबेस बंद केला तरी भरलेलीच, आणि टॉप (कुठली प्रोसेस किती रॅम खाते ते दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर कुठल्याच प्रोसेसच्या नावावर ती नाही. व्हायरस आहे का इथपर्यंत विचारून झालं. म्हणून हे पत्रक. तुमच्याकडे सर्व्हर बघणारं जे कोणी असेल त्यांना द्या, मालकांनी वाचलं तरी चालेल, गुणाकार-भागाकाराच्या पुढचं गणित नाहीये.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रॅम वाटतो ती पानापानाने. इंटेल-एएमडीच्या मशीनवर एक पान ४ केबीचं असतं, आणि ही साइज १९८५ च्या ३८६ प्रोसेसरपासून चालत आलीये, तेव्हा मशीनमध्ये रॅमच दोन-चार एमबी असायची त्यामुळे ठीक होतं. कुठलं पान रॅममध्ये नेमकं कुठे आहे याची नोंद जिथे असते ते पेज टेबल, एका पानाची एक नोंद, एका नोंदीला ८ बाइट. गावाकडचं उदाहरण घ्या, शंभर एकराचा एकच मालक पण जमीन गुंठ्या-गुंठ्याने नोंदवलीये, म्हणजे चार हजार सातबारे, आणि तलाठ्याने प्रत्येक वेळी त्यातला नेमका एक शोधायचा. जमीन तेवढीच, मालक तोच, दप्तर मात्र खोलीभर.

आता खरं गणित. पोस्टग्रेस या डेटाबेसला शेअर्ड बफर्स (सगळ्या कनेक्शनची सामायिक मेमरी) १६ जीबी दिले असतील तर ४ केबीच्या हिशोबाने झाली ४१,९४,३०४ पानं. गुणिले ८ बाइट, म्हणजे ३२ एमबी नुसत्या नोंदी. ३२ एमबीचं काय एवढं असं वाटेल, पण पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही वेगळी प्रोसेस असते आणि प्रत्येक प्रोसेसचं पेज टेबल स्वतःचं असतं, मेमरी सगळ्यांची एकच असली तरी नोंदवही ज्याची त्याची. ३०० कनेक्शन दिवसभर उघडी राहिली आणि हळूहळू प्रत्येकाने सगळ्या बफरला हात लावला तर ३०० गुणिले ३२, म्हणजे ९ जीबीच्या वर रॅम फक्त नोंदवह्यांत गेली. सकाळी सर्व्हर छान पळतो आणि चार वाजता स्वॅपला (रॅम संपली म्हणून डिस्क वापरायला) लागतो अशी जी तक्रार येते त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आम्हाला हेच सापडलं. तुम्हालाही बघता येईल, प्रॉक फोल्डरमधल्या मेमइन्फो फाइलमध्ये पेजटेबल्स नावाची ओळ असते, ती सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघा, आकडा जीबीत गेला असेल तर आम्हाला कळवा.

पान ४ केबीच्या ऐवजी २ एमबीचं केलं की ५१२ छोट्या पानांचं एक मोठं पान होतं. मग १६ जीबीला ८,१९२ पानं, नोंदी ६४ केबी, आणि ३०० कनेक्शनचे मिळून १९ एमबीसुद्धा नाही. ९ जीबी विरुद्ध १९ एमबी!

वेगाचाही फायदा आहे, पण तो कामावर अवलंबून, त्याचा टक्का आम्ही सांगत नाही आणि जो छातीठोक सांगतो त्याला विचारा कशावर मोजला. कारण मात्र साधं आहे. प्रोसेसर प्रत्येक वेळी पेज टेबल उघडत नाही, अलीकडे लागलेल्या नोंदी तो टीएलबी नावाच्या एका छोट्या जागेत हाताशी ठेवतो. इंटेलच्या स्कायलेक पिढीतल्या प्रोसेसरमध्ये टीएलबीच्या दुसऱ्या, मोठ्या पातळीत १,५३६ नोंदी बसतात. ४ केबीच्या पानांनी त्यात ६ एमबी मेमरी झाकली जाते, २ एमबीच्या पानांनी ३ जीबी. तलाठ्याच्या टेबलावर सातबारा असला तर काम लगेच, नाहीतर तो उठून रेकॉर्ड रूममध्ये जाणार, एवढाच फरक.

आता रॅम गायब का दिसते ते. ही मोठी पानं कर्नल आधीच बाजूला काढून ठेवतो, तुम्ही सांगाल तेवढी, आणि मग ती दुसऱ्या कशालाही देत नाही. फाइल कॅशला नाही, साध्या प्रोग्रॅमला नाही, स्वॅपमध्येही ती जात नाहीत. लग्नात वऱ्हाडाच्या पंगतीला मांडून ठेवलेली पानं, वऱ्हाड आलं नसलं तरी तिथे कोणी बसायचं नाही. म्हणून डेटाबेस बंद असला तरी फ्री कमांडमध्ये ती वापरलेलीच दिसणार. आणि टॉपमधला रेस नावाचा कॉलम ही मेमरी धरतच नाही, त्यामुळे ती कोणाच्याच नावावर दिसत नाही. खरा हिशोब परत मेमइन्फोमध्येच, ह्यूजपेजेस टोटल, फ्री आणि रिझर्व्ह्ड या तीन ओळी. इथे एक गोची आहे. डेटाबेस नुकताच चालू केला की फ्रीचा आकडा खूप मोठा दिसतो, ८,४०० पैकी ७,००० फ्री वगैरे, आणि एका ग्राहकाकडच्या हुशार पोराने ते बघून परस्पर आकडा कमी करून टाकला. पण त्यातली बहुतेक पानं डेटाबेसला कबूल झालेली असतात, फक्त अजून हात लागलेला नसतो, ती रिझर्व्ह्डमध्ये मोजली जातात. फ्रीमधून रिझर्व्ह्ड वजा करा, जे उरेल तेच खरं रिकामं. तो आकडा दोन-चारशेच्या आत असला की काही करू नका.

आम्ही काय करतो

पानं किती लागतील ते अंदाजाने ठरवत नाही. शेअर्ड बफर्स १६ जीबी म्हणजे ८,१९२ पानं हे कागदावर, प्रत्यक्षात पोस्टग्रेसला त्या बफरचा हिशोब ठेवायला आणि इतर कामांना अजून लागते, म्हणून आकडा नेहमी जास्तच येतो. आवृत्ती १५ पासून पोस्टग्रेसला विचारलं की तो स्वतःच पानांची संख्या सांगतो, फक्त सर्व्हिस बंद ठेवून विचारावं लागतं. त्यात थोडी जागा सोडून तो आकडा आम्ही सिस्टीमच्या सिसकंट्रोल फाइलमध्ये लिहितो, सेटिंगचं नाव व्हीएम डॉट एनआर ह्यूजपेजेस.

मग सर्व्हर रीस्टार्ट. आता हे कशाला, चालू सर्व्हरवरही आकडा देता येतो की, असं बरेच जण म्हणतात आणि ते बरोबर आहे, येतो. पण सर्व्हर सहा महिने चालू असेल तर रॅमचे इतके तुकडे झालेले असतात की २ एमबीची सलग जागाच मिळत नाही, ८,४०० मागितली तर ३,००० मिळतात, आणि कमांड बिनबोभाट पूर्ण होते, एररसुद्धा देत नाही. रीस्टार्टनंतर रॅम ताजी असते, लगेच मिळतात. म्हणून रविवारची रात्र मागतो, उगाच नाही.

पोस्टग्रेसमध्ये ह्यूज पेजेस ही सेटिंग ट्राय, ऑन किंवा ऑफ असते आणि मुळात ट्राय असते. ट्राय म्हणजे मिळाली तर घे, नाहीतर साध्या पानांवर चल. ऐकायला समजूतदार वाटतं पण आम्हाला ते मुळीच आवडत नाही, कारण पानं दहा-वीस जरी कमी पडली तरी डेटाबेस काही न बोलता साध्या रॅममधून १६ जीबी घेतो, आणि राखून ठेवलेली १६ जीबी तशीच पडून राहते, म्हणजे ६४ मधली ३२ गेली आणि फायदा शून्य. त्यामुळे आम्ही ऑन करतो. मग पानं कमी पडली तर डेटाबेस चालूच होत नाही आणि लॉगमध्ये कॅनॉट अलोकेट मेमरी असं स्पष्ट लिहून येतं. सकाळी आठला बंद पडलेला डेटाबेस वाईटच, पण तो लगेच कळतो तरी.

आमची एक चूकही सांगून टाकतो. एका ठिकाणी आमच्याच माणसाने ८,४०० च्या जागी ८४,००० लिहिलं, एक शून्य जास्त. ८४,००० पानं म्हणजे १६४ जीबी, मशीनमध्ये ६४. कर्नल एवढं नाहीये म्हणून नाही म्हणत नाही, जेवढी रॅम सापडेल तेवढी सगळी बाजूला काढतो, त्यामुळे मशीन चालू होता होताच गुदमरली, लॉगिनही करता येईना. शेवटी पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून ते शून्य काढलं तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते. तेव्हापासून हा आकडा दोघांनी मोठ्याने वाचल्याशिवाय आम्ही एंटर दाबत नाही.

ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस ही वेगळी गोष्ट आहे, नाव सारखं म्हणून गोंधळ होतो. २०११ ला कर्नल २.६.३८ मध्ये ती आली. यात आकडा द्यावा लागत नाही, कर्नल स्वतःच मागच्या मागे छोटी पानं जोडून मोठी करत बसतो. कल्पना चांगली, काही कामांना उपयोगीही पडते, पण डेटाबेसला मधूनच झटके बसतात. रेडिस (सगळा डेटा रॅममध्ये ठेवणारा डेटाबेस) असेल तर जास्तच, कारण डिस्कवर कॉपी काढताना तो स्वतःची जुळी प्रोसेस बनवतो आणि त्या वेळी एक बाइट जरी बदलला तरी ५.८ च्या आधीच्या कर्नलवर ४ केबीच्या ऐवजी अख्खं २ एमबीचं पान कॉपी करावं लागतं. म्हणून डेटाबेस सर्व्हरवर आम्ही हे ऑलवेजवरून काढून एमअ‍ॅडव्हाइसवर ठेवतो, म्हणजे जो प्रोग्रॅम मागेल त्यालाच मिळेल, आणि जिथे रेडिस एकटाच आहे तिथे सरळ नेव्हर.

ओरॅकलवाल्यांसाठी एकच गोष्ट, मेमरी टार्गेट सेट असेल तर ह्यूज पेजेस वापरताच येत नाहीत, आधी ते काढून एसजीए (सामायिक मेमरी) आणि पीजीए (प्रत्येक प्रोसेसची स्वतःची मेमरी) वेगळे द्यावे लागतात. त्याला वेळ जातो, तो कोटेशनमध्ये वेगळा लिहिलाय.

१ जीबीचं पानही असतं, ते का नाही असं एकाने विचारलं. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या मोठ्या होस्टवर त्याला अर्थ आहे, तुमच्या बिलिंगच्या डेटाबेसला २ एमबी भरपूर झालं.

आणि ज्यांचा सर्व्हर ८ जीबीचा आहे, तीस-चाळीस कनेक्शन आहेत, त्यांनी यातलं काहीही करून घेऊ नका. वर दिलेलं गणित तुमच्या आकड्यांनी करून बघा, शेअर्ड बफर्स २ जीबी धरले तरी नोंदवह्यांचा खर्च दीडशे-एकशेसाठ एमबीच्या पुढे जाणार नाही, त्यासाठी आम्हाला पैसे देण्यापेक्षा यूपीएसची बॅटरी बदला.

सगळी रॅम मोठ्या पानांत टाकून द्या असंही काही जण सांगतात. नको. सॉर्टिंगला वगैरे प्रत्येक कनेक्शनला जी वर्क मेम लागते ती साध्या रॅममधून येते, फाइल कॅशही तिथूनच, आणि पोस्टग्रेस त्या कॅशवर बराच विसंबून असतो.

काम झाल्यावर तुमच्याकडून एवढंच हवंय, की शेअर्ड बफर्स किंवा मॅक्स कनेक्शन्स वाढवणार असाल किंवा पोस्टग्रेसची नवी आवृत्ती टाकणार असाल तर आधी एक फोन करा, कारण पानांचा आकडा परत काढावा लागतो आणि तो न काढता रीस्टार्ट केलं तर डेटाबेस उठणार नाही. नुसती रॅम वाढवली तर काही बदलावं लागत नाही. आणि आम्ही येऊ त्या रात्रीच्या आधी बॅकअप झालेला पाहिजे, पेनड्राइव्हवर नाही, दुसऱ्या मशीनवर.